कोथिंबिरीच्या फुलावरची माशी

भाऊजी कोथिंबिरीच्या वाफ्यात पालथे पडले होते. तोंडासमोर फोन, कोपरं मातीत, आणि खिडकीतून आक्का त्यांना सांगत होती, अजून जवळ जा, अजून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कपाळावर हात मारून घेतला. निवृत्तीला आलेला माणूस, अंगात पांढरा शर्ट, त्याला सकाळीच मी इस्त्री केलेली, आणि लोळतोय चिखलात. कशासाठी, तर एका माशीसाठी.

"भाऊजी, उठा आता," मी म्हटलं. "शर्टाचं पार वाटोळं केलंत."

त्यांनी मागे न बघता नुसता हात वर केला. गप्प बस, असा. श्वास रोखून धरला होता त्यांनी. जन्मभर दुसऱ्यांना श्वास धरायला लावला, आता एका माशीपुढे स्वतः धरून बसले होते. मग फोनमध्ये खट्ट झालं, माशी उडाली, आणि आक्का खिडकीतून म्हणाली, "गेली ना? छोटे, तुझ्या आवाजानं गेली."

म्हणजे खापर माझ्यावर. घरात काहीही बिघडलं की ते छोटीवर फुटायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पन्नाशी उलटली तरी मी छोटीच. आक्का माझी मोठी बहीण, भाऊजी तिचा नवरा. मी गणवेश शिवायच्या कारखान्यात हाडं झिजवली, लग्नाच्या भानगडीत काही पडले नाही, आणि आक्का अंथरुणाला खिळल्यावर बाडबिस्तरा उचलून तिच्याकडे राहायला आले. तिचा पलंग आम्ही मागच्या खोलीत खिडकीला लावून दिला होता. तिथून तिला मागची बाग दिसायची. बाग म्हणजे काय, दोन वाफे, एक नळ आणि कपडे वाळत घालायची तार. आक्का हिंडतीफिरती असताना कोथिंबीर कोवळी असतानाच खुडली जायची. आता खुडणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती वाढली, तिला पांढरी फुलं आली, आणि त्या फुलांवर ही बया यायला लागली.

पिवळे-काळे पट्टे. हवेत एका जागी लोंबकळत राहायची, कुणी दोऱ्याला बांधून ठेवल्यासारखी. मग एकदम गायब, आणि परत त्याच फुलावर. मी म्हटलं गांधीलमाशी आहे, झाडू आणते. आक्का म्हणाली, खबरदार.

"गांधीलमाशीची कंबर कधी बघितलीयस का? हिला कंबर कुठेय? तुझ्यासारखी सरळसोट आहे."

आजारी माणसाला उलट बोलायचं नाही म्हणून मी गिळलं. पण त्या दिवसापासून आक्काला वेडच लागलं, हिचं नाव काय? तसं तिचं हे वेड जुनं. ती टपालाच्या वर्गवारी खात्यात होती, अर्धवट पत्त्याच्या पत्रांच्या टेबलावर. नुसतं नाव आणि पेठ लिहिलेली, अक्षर पुसलेली, गल्ली चुकलेली पत्रं तिच्यासमोर यायची आणि ती ज्याची त्याला पोचवायची. बाकीचे लोक शिक्का मारून परत पाठवून मोकळे व्हायचे. ही मात्र पोस्टमनना पिडायची, दुकानदारांना विचारायची, घरी येऊनसुद्धा डोकं खायची. अनोळखी वस्तू डोळ्यांसमोर राहिली की तिला जेवण जात नसे.

शेजारच्या मुलीनं तिला फोनवर एका गटात घालून दिलं. तिथे लोक किड्यामकोड्यांचे फोटो टाकतात आणि जाणकार नाव सांगतात. आक्कानं खिडकीतून काढलेला फोटो टाकला. त्यात खिडकीचा गज तेवढा स्पष्ट होता. कुणी म्हणालं मधमाशी, कुणी म्हणालं गांधीलमाशी, एका शहाण्यानं तर कुठलं औषध फवारायचं तेही सांगून टाकलं. मग त्या गटातल्या मोठ्या माणसाचा निरोप आला. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले कुणी गृहस्थ. मी त्यांना माशीवाले सर म्हणायचे. त्यांनी लिहिलं होतं की पंख मोजता येत नाहीत, डोळे दिसत नाहीत, वरून एक आणि बाजूनं एक असे दोन फोटो पाठवा, मग बघतो.

हे वाचून दाखवलं तर भाऊजींचा चेहरा उजळला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "एका फोटोवर कुणी काही सांगू नये. दोन बाजूंनी लागतो."

कित्येक दिवसांत एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

भाऊजी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतात. पेशंट त्यांना फोटोवाले म्हणतात, खरं नाव कुणाला ठाऊकही नसेल. दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहायचं आणि म्हणायचं, हनुवटी वर, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. फोटो निघाला की माणूस शर्टाची बटणं लावत विचारतो, काय दिसलं हो? त्याला भाऊजींचं ठरलेलं उत्तर, डॉक्टर सांगतील. कुणी हात जोडले तरी तेच, ओळखीचा निघाला तरी तेच. एकदा मीच मनगट मोडून गेले होते. हाड सरळसरळ बाहेर आलेलं, आंधळ्यालाही दिसावं, तरी म्हणाले, डॉक्टर सांगतील.

याला कारण आहे. नवीनच लागले होते तेव्हाची गोष्ट. एका बाईनं पाय धरले म्हणून हे बोलून गेले, काही नाही, पोर ठणठणीत आहे. ती बिचारी आनंदानं पोराला घेऊन जी गेली ती गेलीच, डॉक्टरांसाठी थांबलीच नाही. डॉक्टरांनी फोटो बघितला तर त्यात दुखणं दिसत होतं. दवाखान्यानं पत्र पाठवलं, पण बाईनं पत्ता अर्धवट सांगितलेला. ते पत्र फिरत फिरत आक्काच्या टेबलावर आलं, आणि त्याच्या मागोमाग भाऊजी आले. रोज संध्याकाळी यायचे, लागला का पत्ता विचारायचे. आक्कानं जंग जंग पछाडलं. त्या पोराचा पत्ता लागला नाही तो नाहीच. या दोघांचं लग्न मात्र झालं. अशा गोष्टीतून जुळलेलं लग्न चांगलं टिकतं की नाही मला माहीत नाही, पण यांचं टिकलं. फक्त भाऊजींच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते घरीदारी कायमचंच.

आक्काचा खोकला हटेना तेव्हा तिचा फोटो त्यांनीच काढला. दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही. आक्कानं कपडे नीट केले आणि हसतहसत विचारलं, काय दिसलं? हे म्हणाले, डॉक्टर सांगतील.

डॉक्टरांनी सांगितलं, पण तिला नाही, आम्हाला. भाऊजींना, मला आणि फोनवर माझ्या भाच्याला. भाचा म्हणजे आक्काचा मुलगा, परदेशी असतो. उजव्या फुप्फुसात गाठ, पुढे पसरलेली, आता फारसं काही हातात नाही. मी तिथल्या तिथे म्हटलं, आक्काला यातलं अक्षर कळता कामा नये. भाच्याचंही तेच मत पडलं. भाऊजी गप्प होते, आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकारच धरायचा असतो. आजही सांगते, मला यात काही चूक वाटत नाही. ज्याच्यावर इलाज नाही ते कळून माणूस करणार काय? आम्ही तिला सांगितलं की छातीत जुनं पाणी आहे, सुया घ्याव्या लागतील, हळूहळू उतरेल. तिनं ते मानलं. निदान मला तसं वाटलं.

आणि मग सुरू झालं तिचं "बरी झाले की". बरी झाले की वाफे नवीन खणायचे. बरी झाले की कवळी बसवून घ्यायची, जुनी हिरड्यांना लागते. बरी झाले की टपालातल्या टेबलावरच्या मैत्रिणींना जेवायला बोलवायचं. मी हो हो म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायचे. त्यात मला खोकल्याची ढास लागायची. मला खोकला आहेच, पण माझा जुना आहे, कापडाच्या धुळीचा. कारखान्यात सगळ्यांनाच होता. आक्का आतून ओरडायची, अगं एकीनं खोकलं तरी पुरे, दोघींनी कशाला?

तर माशी. भाऊजींनी हट्टाला पेटून तिचे फोटो काढले. दवाखान्यातून आले की चहासुद्धा न घेता वाफ्यात. वरून, डावीकडून, समोरून. माणसांची हाडं टिपायचा हात तो, एकदा जमायला लागल्यावर असे फोटो निघाले की अंगावरची लव मोजावी. आक्कानं निवडून सरांना पाठवले. आणि सर गायब. रोज सकाळी उठली की आक्का आधी फोन बघायची. गटावर दुसऱ्यांच्या भुंग्यांची, नाकतोड्यांची नावं कळत होती, पण सरांकडून आक्काच्या माशीबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता.

त्या दुपारी भाऊजी घरीच होते. आक्काला सुई टोचून आणली होती आणि ती उशीला टेकून पडली होती, ओठ कोरडे पडलेले. मी वाटीतला मऊ भात तिला भरवत होते. मधेच तिनं माझा हात बाजूला सारला आणि भाऊजींना म्हणाली, "अहो, तुम्ही एवढ्या जवळून बघितलीत तिला. तुम्हाला काय वाटतं, कोण आहे ती?"

"मला काय कळतंय त्यातलं," भाऊजी म्हणाले. "सर सांगतील."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मला ती नजर ओळखीची होती. पत्रावरचं पुसट अक्षर वाचताना ती अशीच बघायची.

"डॉक्टर सांगतील. सर सांगतील," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगणार?"

भाऊजी उठून मागे बागेत निघून गेले. मी काहीतरी बडबडायला लागले, भात निवतोय, खाऊन घे, सर कुठेतरी गावाला गेले असतील. आक्का ऐकतच नव्हती. खिडकीतून तिला ते दिसत होते. वाफ्याशेजारी पालथ्या बादलीवर बसून ते फोनमधले फोटो बोटांनी ताणून ताणून मोठे करत होते. एकेक फोटो बराच वेळ बघायचे. चष्मा काढायचे, पुसायचे, परत बघायचे. खूप वेळानं आत आले. हातपाय धुतले, टॉवेलला पुसले, आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले.

"माशी आहे," ते म्हणाले. "मधमाशी नाही, गांधीलमाशी नाही. त्यांना चार पंख असतात. हिला दोनच आहेत, मी सगळ्या फोटोंत मोजले. आणि हिला नांगी नाही. वरचे पट्टे नुसते दाखवायला. लोकांनी भिऊन लांब राहावं म्हणून चावणाऱ्याचे कपडे घालून फिरते."

आक्काला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली, आणि खोकला थांबल्यावर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बघा, ही. अगदी हीच." मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. भाऊजीसुद्धा हसले. मला वाटलं, निभावलं. वाटी घेऊन मी उठत होते.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "आणि माझ्या फोटोत काय होतं?"

मी तिच्या मागे उभी होते. मी भाऊजींना मान हलवून नको म्हटलं. डोळे वटारले. हातातली वाटी हलवली. आणखी काय करायचं असतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं, चांगलं नीट बघितलं, आणि मग तिच्याकडे वळून बोलायला लागले.

"उजव्या बाजूला वरती गाठ होती. त्याच दिवशी दिसली."

"केवढी?"

त्यांनी अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवला. लिंबाएवढा.

"आता?"

"आता पसरलीय. दुसऱ्या बाजूलाही गेलीय."

"सुयांनी जाईल?"

"नाही."

आक्कानं पांघरुणाची कड मुठीत धरली होती. "मग किती दिवस आहेत माझे?"

"ते मला फोटोत दिसत नाही," भाऊजी म्हणाले.

मग आक्का म्हणाली, "मला माहीत होतं. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना तुम्ही माझी पिशवी उचललीत. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी उचलली नव्हतीत. तेव्हाच मला कळलं. नुसतं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

ऐकायचं होतं ना, ऐकलं. मग काय झालं तेही सांगते, कारण लोकांना वाटतं की खरं कळलं की माणूस शांत होतो. काही शांत होत नाही. संध्याकाळी आक्कानं दुधाचा पेला भिंतीवर फेकला. उशीत तोंड खुपसून ती मोठ्यानं रडली. म्हणाली, मग मला कशाला टोचवत बसलात, माझे एवढे दिवस का घालवलेत, मी कवळीची वाट बघत बसले होते. भाऊजींना म्हणाली, माझ्यासमोरून जा, आणि ते उठले तर म्हणाली, कुठे चाललात, बसा इथे. भाचा फोनवर बापाला नाही नाही ते बोलला. मी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. जेवायला ताट समोर सरकवायचे, बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो फोटो बघायला मागितला. भाऊजींनी कपाटामागे लपवलेलं पाकीट काढलं, फिल्म बाहेर काढली आणि खिडकीच्या काचेवर दोन्ही हातांनी धरली. मागे बागेतलं ऊन. मी दारात उभी होते, आत जायचं नाही असं ठरवून.

ते बोटानं दाखवत होते, ही तुझी बरगडी. ही मानेखालची हाडं. हे हृदय, ते असंच डावीकडे झुकलेलं असतं, त्यात काळजीचं काही नाही, चांगलं आहे तुझं. आणि हा इथला पांढरा भाग, ती गाठ. आक्का मान उचलून उचलून बघत होती. हे काय, ते काय, विचारत होती. ते एकेक सांगत होते, सावकाश, न चुकता, जन्मभराचं साठलेलं सगळं. मला वाटतं त्यांनी आयुष्यात एवढं कुणालाच सांगितलं नसेल.

"किती छान सांगता हो," आक्का म्हणाली. "एवढी वर्षं सांगायचं होतं कुणालातरी."

त्यांनी फिल्म खाली घेतली नाही. मीच तिथून निघून गेले.

त्यानंतर "बरी झाले की" संपलं. पुन्हा कधी ऐकू आलं नाही. आक्कानं सुया बंद करवल्या. टेबलावरच्या मैत्रिणींना बोलावून घेतलं. सगळ्या म्हाताऱ्या, काठ्या टेकत आल्या, जुन्या साहेबाच्या नकला करून खिदळल्या, आणि जाताना फाटकाशी माझ्या गळ्यात पडून रडल्या. कवळी नको म्हणाली, आता ती कुणाला लागणार. कधी दिवस दिवस बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडायची. तिला भीती वाटायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. भाऊजी रजा काढून तिच्या उशाशी बसायचे. डॉक्टरांनी जेवढी मुदत मनात धरली होती तेवढीही ती राहिली नाही. एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते, खिडकीतून भाऊजींनी मला हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच मला कळलं.

मी त्यांना तोंडावर म्हटलं, तुम्ही सांगितलंत म्हणून लवकर गेली. जगायची आशा काढून घेतलीत तुम्ही तिची. ते म्हणाले, असेल. भांडायचं तर समोरच्यानं भांडावं लागतं. असेल म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

मी परत माझ्या खोलीवर जाणार होते, पण या माणसाला चहासुद्धा धड करता येत नाही. राहिले. दोघं एका घरात, बोलणं कामापुरतं. आक्काचा फोन तिच्या कपाटात तसाच पडला होता. मीच तो मधेमधे चार्ज करायचे, का ते विचारू नका. आणि एक दिवस त्यावर सरांचा निरोप आला.

त्यांनी लिहिलं होतं की तब्येतीमुळे उत्तराला उशीर झाला, माफ करा. इतके चांगले फोटो क्वचित बघायला मिळतात. ही फुलांवरची माशीच आहे, आणि मादी आहे, कारण दोन डोळ्यांच्या मधे जागा आहे, नराचे डोळे एकमेकांना चिकटलेले असतात. मात्र हिचं नेमकं नाव फोटोवरून सांगता येणार नाही. हिच्यासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ आहेत. माशी मारून, टाचणीवर लावून पाठवलीत तर भिंगाखाली बघून कळवतो.

मी फोन नेऊन भाऊजींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी दोनदा वाचलं.

"कोथिंबीर परत फुलावर आलीय," मी म्हटलं. "ती येते अजून. बरणी देऊ का?"

"नको," ते म्हणाले. "राहू दे. आक्काला चाललं नसतं." आणि थोड्या वेळानं, "छोटी, तुझा खोकला वाढलाय. एकदा येऊन जा दवाखान्यात."

मी म्हटलं, कापडाची धूळ आहे. ते म्हणाले, असेल, येऊन जा. मग हे रोजचंच झालं. सकाळी डबा हातात घेताना, संध्याकाळी डबा ठेवताना. गप्प माणूस एकदा मागे लागला की बोलक्यापेक्षा वाईट. शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून आज सकाळी गेले.

कारखाना सुटला तरी माझ्या पिशवीत कात्री असतेच, मोठी, कापड कापायची. सवय. पिशवी मी त्यांच्या स्टुलावर ठेवली आणि आत जाऊन दवाखान्याचा झगा घातला. पाठीमागे नाड्या असतात त्याला, एकटीला बांधता येत नाहीत. असला झगा अंगावर आला की माणसाच्या तोंडाची धार जाते. मी एक शब्द न बोलता जाऊन त्या थंड पाटीला छाती लावून उभी राहिले.

"हनुवटी वर," काचेमागून भाऊजी म्हणाले. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा."

मला तुम्ही म्हणाले. तिथे सगळ्यांनाच म्हणत असतील.

"आता बाजूनं."

"एकानं भागत नाही का?"

"नाही. दोन बाजूंनी लागतो."

कपडे घालून मी बाहेर आले तेव्हा ते पडद्याकडे तोंड करून उभे होते. हल्ली फिल्म वाळायची वाट बघावी लागत नाही, फोटो लगेच पडद्यावर येतो. मी त्या बाजूला बघितलंच नाही. माझी नजर त्यांच्या कॉलरवर होती. कॉलर उलटी झालीय, इस्त्री करताना बघायला हवी होती, हे माझ्या मनात येत होतं. ते वळले. त्यांचा चेहरा मी वर्षानुवर्षं बघत आलेय, त्यावर कधी काही वाचता आलेलं नाही.

"छोटी," ते म्हणाले. "मी तुला..."

"डॉक्टर सांगतील ना?" मी म्हटलं.

माझा आवाज मलाच कुणा दुसरीचा वाटला. ते थांबले. मी काय म्हणतेय ते त्यांना समजलं. आक्काला सांगायचं नाही असं ज्या बाईनं ठणकावून सांगितलं होतं, ती अजूनही त्याच मताची आहे, एवढंच मी सांगत होते. दुसऱ्यांसाठी एक आणि स्वतःसाठी एक असं माझं नसतं.

"हो," ते म्हणाले. "डॉक्टर सांगतील. उद्या दुपारी बसतात."

बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते. एक लहान मूल किरकिरत होतं. त्यांनी पुढचं नाव पुकारायला हवं होतं. मी पिशवी घ्यायला स्टुलाकडे वळले, तर त्यांनी माझ्याआधी वाकून ती उचलली.

"चल," ते म्हणाले. "फाटकापर्यंत येतो."

पिशवी जड होती, कात्रीमुळे एका बाजूला ओढ घेत होती. ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या चालीनं, हळूहळू, व्हरांड्यातून चालत आले. वाटेत लोक त्यांना विचारत होते, फोटोवाले, आमचा नंबर कधी? ते म्हणत होते, आलोच. कोथिंबिरीला संध्याकाळी पाणी घालायला हवं, असं मी काहीतरी बोलले. त्यांनी हं म्हटलं. फाटक आलं तरी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली नाही, आणि मीही ती मागितली नाही.